छबुबाईची जबानी

दिवाळी सरली की वाडीत ट्रक यायचे. कोयते, पत्रे, ज्वारीची पोती, शेरडं, अंगावर पिणारी लेकरं असं सगळं वर चढवून माणसं ऊसतोडीला निघून जायची. मागं राहायची ती निव्वळ म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. मग चार-पाच महिने गावात मोठ्यानं भांडायलाही कोणी नसायचं. शिरूर कासारच्या अंगाची ती वाडी थंडीत अगदी उघडी पडायची. चार बाभळी, माळ, आणि माळावर संस्थेची शाळा.

शाळेत हंगामी वसतिगृह होतं. ऊस संपेपर्यंत तोडणीवाल्यांची पोरं तिथंच झोपायची, तिथंच जेवायची. त्यांच्या भाकरी छबुबाई थापायची. बेचाळीस पोरं, दोन वेळा. साठी उलटलेली बाई, पण काटवटीपुढं बसली की तिच्या हाताचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. ज्या भाकरीला पापुद्रा आला नाही ती भाकरी ती कुत्र्याला टाकायची, पोराच्या ताटात वाढायची नाही. शाळा तिनं दुसरीपर्यंत बघितलेली. सही यायची, तीही सुनेनं हाताला धरून शिकवलेली. तोरा मात्र असा की शाळा हिच्याच बापानं बांधली असावी.

ट्रक निघायच्या आधी आया तिच्याकडं यायच्या. पोरीचा हात तिच्या हातात द्यायच्या, वर एक सुपारी ठेवायच्या.

"काकू, तुमच्या पदरात."

"जा बिनघोर," छबुबाई म्हणायची. "माझ्याकडं हाय म्हनल्यावर देवाकडं हाय."

त्या साली अशा एकोणीस सुपाऱ्या झाल्या. त्यातली एक मुंजाजीच्या सुरेखाची. तिची पोरगी स्वप्नाली बारा वर्षांची, सातवीत, काडीसारखी, आणि जेवताना तोंडातला घास गिळायच्या आधी दुसरी गोष्ट सांगायला लागणारी.

शाळेत शिकवणारे तिघं. मोठे राधाकिशन गुरुजी. मुख्याध्यापकाचा कारभार आणि वसतिगृहाची देखरेख त्यांच्याकडं, म्हणून ते शाळेमागच्या खोलीत मुक्कामी. शेजारच्या खोलीत आदिनाथ सर, सिरसाळ्याचा, सव्वीस वर्षांचा, लग्न न झालेला पोरगा. आणि तिसरी छबुबाईची सून वनमाला. तिचं शिक्षणसेवक म्हणून तिसरं वर्ष चालू होतं. जूनमध्ये कायम व्हायची. छबुबाईचा लेक हनुमान कर्नाटकातल्या कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला गेलेला. घरात सासू आणि सून, आणि दोघींच्या मध्ये तो जून महिना.

राधाकिशन गुरुजी तलवाड्याकडचे, म्हणजे छबुबाईच्या माहेरच्या अंगाचे. तिला सख्खा भाऊ नव्हता. पंधरा वर्षं ती त्यांना भाऊबीजेला ओवाळत होती आणि त्यांनी आणलेलं लुगडं गावभर दाखवत होती. तव्यावरची पहिली भाकरी गुरुजीची, असा तिचा नेम. पोरांची पंगत नंतर. डबा भरून एखाद्या पोरीच्या हाती गुरुजींच्या खोलीवर धाडायची. ते काम म्हणजे मान, आणि तो कुणाला द्यायचा हे छबुबाई ठरवायची.

त्या सोमवारी दुपारी तिनं डबा स्वप्नालीपुढं धरला.

पोरगी भिंतीला चिकटली. "मी न्हाई जात, आज्जे."

"कावून?"

"न्हाई जात."

"पायाला मेंदी लावली का?"

"दुसरीला पाठव."

पंगतीतल्या पोरी एकदम खाली बघायला लागल्या. छबुबाईला ते दिसलं, पण तिनं त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. बघा, सगळ्यांसमोर माझा शब्द मोडती. तवा तापलेला, धुरानं डोळे चुरचुरत होते. हातात उलथनं होतं, ते तिनं पोरीच्या दंडावर हाणलं.

"गुरुजीला न्हाई म्हनती? तुझा बाप उसात हाडं मोडतो ते तू शिकावं म्हनून, आन तू गुरुजीला न्हाई म्हनती! उचल डबा."

पोरीनं डबा उचलला. दंड चोळलासुद्धा नाही.

अर्ध्या घंट्यात ती परत आली ती पळत. हातात डबा नव्हता, एका पायात चप्पल नव्हती. चुलीच्या शेडमध्ये न येता ती मागं तुराट्यांच्या ढिगाआड जाऊन बसली. समोरच्या दुकानाच्या ओट्यावरून वैजिनाथ आप्पानं हाक मारली, "काय गं, कुत्रं लागलं का?" छबुबाईनं बेचाळीस पोरांना वाढलं, भगुनी घासायला टाकली आणि मग पदराला हात पुसत ढिगामागं गेली. मनात अजून राग होता. डबा कुठं टाकला, हे विचारायला गेली होती ती.

"तो कडी लावतो, आज्जे," पोरगी म्हणाली.

"कोन?"

पोरीनं शाळेमागं बघितलं. "गुरुजी. पाय दाब म्हनतो. मंग..."

छबुबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा, खरबरीत हात. "गप. आसं बोलू न्हाई."

पोरगी गप झाली. ती इतक्या लगेच गप झाली की छबुबाईलाच ते खटकलं. तिनं हात काढला. पोरीच्या ओठांवर पीठ राहिलं. मग तिनं पोरीची बाही वर केली. दंडावर उलथन्याचा लाल वळ होता, तो तिचा. त्याच्या खाली मनगटापाशी चार बोटं उठली होती. ती तिची नव्हती.

"आज काय झालं?"

"डबा ठेवला आन मी मागं फिरले. त्यानं धरलं. मी चावले." मग जरा थांबून, घाबरत, "लई जोरात चावले, आज्जे. रागावतील का?"

छबुबाईनं पदरानं पोरीच्या ओठांवरचं पीठ पुसलं.

दिवस मावळायच्या आधी राधाकिशन गुरुजी स्वतः डबा घेऊन शेडमध्ये आले. डबा घासलेला, लख्ख. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

"आक्का, पोरगी डबा टाकून पळाली की आज. रुसली का काय?"

"हाताला काय झालं?"

"कडीत सापडला." ते हसले. "म्हातारपण आलं, दुसरं काय."

"दवाखान्यात जा," छबुबाई म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वळली. चूल विझलेलीच होती.

त्या रात्री तिनं स्वप्नालीला आपल्या घरी आणून अंथरुणात घेतलं. वनमालाला सगळं सांगितलं. वनमालानं वही मिटली, पुन्हा उघडली, आणि एवढंच म्हणाली, "आत्या, सकाळी बोलू."

सकाळ बोलायला उरलीच नाही. वैजिनाथ आप्पानं सोमवारी दोन गोष्टी बघितल्या होत्या. पोरगी खोल्यांकडून पळत आली, आणि तिच्या मागं दारात उभा होता तो आदिनाथ सर, बनियनवर, डोकं पुसत. आप्पानं हे दुकानात चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी पुढं सांगितलं. मंगळवारी शाळा भरायच्या वेळी फाटकाशी माणसं जमली. बहुतेक म्हातारी. हातात जोर नव्हता, पण चपला होत्या.

"सिरसाळ्याचा हाय बे हा, इथं कशाला मरायला आला!"

"तरणाताठा गडी पोरींच्या शाळंत ठिवलाच कावून?"

आदिनाथ सरांचा चष्मा पहिल्या फटक्यात पडला. ते चाचपडत म्हणत राहिले, "मी अंघोळ करत होतो. ओरडणं ऐकून बाहेर आलो. मी बाहेर आलो फक्त." कोणी ऐकत नव्हतं. राधाकिशन गुरुजी व्हरांड्यात पोरांना आत ढकलत होते. रुमालाचा हात त्यांनी पाठीमागं धरला होता. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव आपल्या जीपला टेकून उभे होते. पुरेसं झालं असं वाटल्यावर ते पुढं आले. "बस्स आता. कायदा हातात घेऊ नका."

आदिनाथ सर उठले. ओठ फाटला होता. डोळे बारीक करून त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांना शेडच्या तोंडाशी छबुबाई दिसली. नुसती आकृतीच दिसली असेल त्यांना.

"काकू, पोरगी तुमच्याकडं आली होती ना? तुम्ही सांगा की यांना."

सगळी माणसं तिच्याकडं वळली. छबुबाईच्या कोपरापर्यंत पीठ होतं. शाळेच्या दारात वनमाला उभी होती, तोंडावर पदर धरून.

"भाकर करपती माझी," छबुबाई म्हणाली आणि आत गेली.

बुधवारी अर्जुनराव तिच्या चुलीपाशी आले. एवढा मोठा माणूस, सरळ ज्वारीच्या पोत्यावर बसला. चहा मागून घेतला, वर भाकरीचा तुकडाही मोडून घेतला.

"काकू, उद्या बीडहून मॅडम येतेत चौकशीला. पोरगी तुमच्या ताब्यात हाय, तवा तुमाला इचारतील."

"इचारू द्या."

"मला काय झालं, कसं झालं, कायबी मालूम करून घ्यायचं न्हाई." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "मी एवढंच बघतो, की शाळंत तीन माणसं हायेत. एक गेलं तर दोन ऱ्हातील. मोठा गेला, तर वसतिगृह जातं, मान्यता जाती, मंग तीनबी जातील. पोरांच्या आया येऊन पोरं घेऊन जातील उसाच्या फडावर. कुणाचं भलं हाय त्यात?"

"आन त्या आदिनाथाचं?"

"तरना हाय. दुसरीकडं लागंल." ते उठले, मांड्या झटकल्या. "वनमालाताईचं कायमचं कागद माझ्याच टेबलावर हायेत. लई हुशार पोरगी. मी म्हनलो, काकूंची सून हाय, आपलीच हाय."

ते गेले. छबुबाईनं त्यांची बशी दोनदा घासली.

दुपारी हनुमानचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, मजुरांचा गोंधळ. "आई, अर्जुनरावचा फोन आलता मला. तू गप ऱ्हाय. तुला काय करायचंय?"

"तुला पोरगी असती तर?"

"न्हाई ना मला," तो म्हणाला. लग्नाला सात वर्षं झाली होती. मग त्यानंच फोन ठेवला.

खरं भांडण झालं ते संध्याकाळी, सासू-सुनेत, ज्वारी पाखडताना. स्वप्नाली आत झोपली होती; अंगात कणकण होती.

"आत्या, सहा महिने राहिलेत," वनमाला म्हणाली. "तीन वर्षं मी त्या शाळेत बाकं झाडलीत, लोकांच्या दारात जाऊन पोरं गोळा केलीत. फक्त सहा महिने. तुम्ही म्हणा, मी चुलीपाशी होते, मला माहीत नाही."

"पोरीच्या हातावर बोटं हायेत."

"माहीताय."

"तुला माहीताय?"

सूप थांबलं. वनमालाचा आवाज बारीक झाला. "गुरुजींच्या गणिताच्या तासाला पोरी एकमेकींचा हात धरून बसतात. पुढच्या बाकावर कोणी बसत नाही. मला दिसत नाही का? मागच्या साली एकीनं शाळाच सोडली."

"आन बोलली कावून न्हाईस? बाईमाणूस ना तू? मास्तरीण ना?"

"कुणाला बोलू?" वनमाला एकदम उसळली. "तुम्हाला? तुम्ही त्यांना ताटात निरांजन घेऊन ओवाळत होता. गावात त्यांच्याविरुद्ध ब्र काढला असता तर पहिलं झिंज्या तुम्ही धरल्या असत्या माझ्या. आणि डबा कोण पाठवत होतं, आत्या? रोज एक पोरगी निवडून?"

छबुबाईनं सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्याकडं बघून वनमाला घाबरली आणि रडायला लागली. तिनं सासूचे पाय धरले, चुकलं म्हणाली. पण चुकलं नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. छबुबाई तशीच बसली. पंधरा वर्षं. दर हंगामाला किती पोरी? कोणकोण? तिला एकेकीचं तोंड आठवायला लागलं. कोण डबा नेताना गाणं म्हणायची, कोण मध्येच गायची बंद झाली. कुणाच्या पाठीत तिनं धपका घातला होता. आता त्या पोरी कुठंकुठं नांदत होत्या, कुणाच्या कडेवर पोरं होती. भाऊबीजेचं लुगडं तिच्या अंगावरच होतं. ते तिनं उतरवलं आणि जुनं, ठिगळाचं नेसली. फेकलं नाही, जाळलं नाही, नुसतं उतरवलं.

गुरुवारी सकाळी जीप आली. बीडच्या अधिकारी प्रियदर्शनी मॅडम, त्यांच्याबरोबर एक महिला पोलीस. वर्गात टेबल मांडलं. अर्जुनराव मॅडमच्या शेजारी बसले, राधाकिशन गुरुजी त्यांच्या शेजारी. आदिनाथ सरांना भिंतीकडं स्टुलावर बसवलं होतं, सुजलेल्या डोळ्यासह, चोरासारखं. खिडक्यांना गाव लटकलं होतं.

"मुलीला बोलवा," मॅडम म्हणाल्या.

"पोरगी येनार न्हाई," छबुबाई दारातून म्हणाली.

"आजी, तिला विचारावं लागेल."

"इचारा. पन माझ्या घरी जाऊन इचारा, तुमी दोघी बाया. हितं ह्या एवढ्या मिशांत तिला बसवायची न्हाई. तिच्या आईनं ती माझ्या हातात दिलीया. आधी मला इचारा."

अर्जुनराव हसले. "काकू जरा तिखट हायेत, मॅडम. काकू, तुमी चुलीपाशी होता ना सोमवारी? तुमाला काय दिसनार तिथून?"

राधाकिशन गुरुजींनी मऊ आवाजात जोड दिली, "आक्का, जे हाय ते सांग. माझा भरवसा हाय तुझ्यावर."

छबुबाईनं त्यांच्याकडं बघितलं. पंधरा वर्षं ज्या कपाळाला कुंकू लावलं ते कपाळ तिनं नीट बघितलं. मग ती खाली फरशीवर बसली. कोणीतरी खुर्ची सरकवली, ती तिनं हातानं लांब केली.

"ल्ह्या," ती मॅडमला म्हणाली. "पोरगी न्हाई म्हनत व्हती. सगळ्यांम्होरं म्हनली, मी डबा घेऊन जात न्हाई. मी तिला उलथन्यानं मारलं. इथं, दंडावर. तापलेल्या तव्यावरचं उलथनं. आन डबा हातात देऊन पाठवली. आदिनाथाच्या खोलीत न्हाई. ह्याच्या खोलीत. ह्यानं कडी लावली. ह्यानं तिचा हात धरला. पोरगी चावून सुटली. आदिनाथ नुसता आवाज ऐकून भायेर आला, म्हनून लोकायनं त्याला चपलांनी मारलं. मी बघत व्हते. त्यानं मला हाक मारली तर मी म्हनले भाकर करपती. तेबी ल्ह्या."

खिडकीतून वैजिनाथ आप्पाचं डोकं खाली गेलं.

"खोटं हाय हे!" गुरुजी उठले. "मॅडम, सुनेच्या नोकरीसाठी हिनं..."

"सुनेची नोकरी जाती ह्याच्यानं, राधाकिशन. वाचत न्हाई." छबुबाई बसल्या जागेवरून बोलत होती, वर बघत. "हातावरचा रुमाल सोड. कडीत सापडला म्हनलास ना? कडीला दात असतेत का ते बघू दे बाईला."

महिला पोलीस उठली. गुरुजींनी हात मागं घेतला, आणि त्या हात मागं घेण्यातच सगळं झालं.

तरी छबुबाई थांबली नाही. थांबता आलंच नाही तिला. "ही एकच न्हाई. दर साली मी पाठवल्यात. कोन कोन, त्येंची नावं मी सांगते. पन त्या आता सासरी हायेत. त्येंच्या घरी जीप घेऊन जाऊ नका, तेवढं करा." मग तिचा आवाज फुटला आणि ती फुटका आवाज घेऊनच बोलली. "मी माझ्या हातानं पाठवल्यात."

वनमाला पोरांच्या बाकावर बसली होती. ती उठून सासूजवळ आली नाही. बाहेरही गेली नाही.

दुपारी जीप राधाकिशन गुरुजींना घेऊन गेली. आदिनाथ सरांची कुणी माफी मागितली नाही. लोक नुसते पांगले. दुसऱ्या दिवशी ते पेटी घेऊन एसटीच्या फाट्याकडं निघाले. छबुबाई वाटेत आडवी आली, हात जोडले.

"सुटलास बाबा तू. आता कावून चाललास?"

"सुटलो कुठं, काकू?" चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधली होती. "वर्गात कुठली पोरगी वही दाखवायला आली तर मी मागं सरकतो. असं कसं शिकवायचं?"

ते गेले. चौकशी होईपर्यंत वसतिगृह बंद, असा कागद आला. फोनवर फोन गेले. आठ दिवसांत पोरं पांगली, कुणी मामाकडं, कुणी थेट फडावर. फडावर गेलेल्या पोरींच्या हातात मोळी बांधायचं काम पडणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. वनमालाला सोमवारपासून येऊ नका म्हणाले. तिनं बॅग भरली. गेवराईला भावाकडं जाते, तिथं शिकवण्या बघते, म्हणाली.

"रागानं चाललीस?"

"नाही, आत्या. तुम्ही खरं बोललात. मी तसं बोलले नसते." ती बॅगेची चेन ओढत राहिली, ती अडकली होती. "पण मला तुमच्यासमोर बसून जेवता येत नाही. तुम्हाला बघितलं की मला मीच दिसते."

सुरेखा आली ती सर्वांत शेवटी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तशीच अंगावर ठेवून, उसाच्या पट्ट्यातून दोन दिवसांचा प्रवास करून. हाताला पाचटाचे चिरे, केसांत उसाचं कुसळ. ओट्यावर चढली नाही. अंगणातच उभी राहिली. स्वप्नाली धावत जाऊन तिला बिलगली.

"काकू, तुमी मारलं तिला?"

"मारलं."

"कशानं?"

"उलथन्यानं."

सुरेखा शिव्या देईल, अंगावर येईल, असं छबुबाईला वाटलं. ती त्यासाठी तयार उभी होती, तिला ते हवंही होतं. सुरेखा फक्त म्हणाली, "माझ्या माघारी तिचं कुनी न्हाई म्हनून तुमच्याकडं ठिवलती." मग पोरीची पिशवी उचलून ती चालायला लागली. स्वप्नालीनं वळून हात हलवला. आईनं तो हात खाली केला.

त्यानंतर छबुबाईच्या दारात कोणी आलं नाही. ज्यांची पोरं गेली त्यांना तिच्यामुळं शाळा गेली असं वाटायचं. ज्यांच्या पोरींनी डबा नेला होता त्यांना तिचं तोंड बघवायचं नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. ती एका माणसाच्या दोन भाकरी थापायची. पापुद्रा यायचा, पण त्याच्याकडं ती बघायची नाही.

माघात तिला बोलावणं आलं. बीडला कोर्टात, न्यायाधीशासमोर तीच जबानी पुन्हा द्यायची. त्या दिवशी सकाळी ती फाट्यावर गेली, तर तिथं अर्जुनरावांची जीप उभी. बाजूला शाळेचा शिपाई रामहरी, हात चोळत.

"काकू, बसा. सायबांनी पाठवलीया. वकील वाटंत भेटनार हायेत."

"वकिलाला काय सांगायचंय मला?"

"कायबी न्हाई. एवढंच म्हनायचं, नीट ध्यानात न्हाई. वय झालं." त्यानं आवाज उतरवला. "गुरुजी सुटले की वसतिगृह चालू व्हतं. पोरं येतील. वनमालावैनीचा कागद आजच्या आज सही व्हतो. ती घरी येईल तुमच्या, काकू. एकट्याच हाव ना तुमी?"

तो वाईट माणूस नव्हता. शाळा बंद पडली की त्याचीही भाकर जाणार होती. छबुबाईनं जीपच्या उघड्या दारातून आत बघितलं. मऊ गादी, काचा लावलेल्या, आत वारं नव्हतं. घर तिच्या डोळ्यांपुढं आलं. सून परत आलेली, चुलीपुढं दोघी, हनुमानचा फोन.

"रामहरी, तुला पोरी किती?"

"दोन, काकू."

"किती वर्साच्या?"

त्यानं जीपचं दार हळूच लोटलं.

फाट्यावरच्या बाकावर वाडीच्या दोन बायका बसल्या होत्या. छबुबाई बसली तशा त्या उठून बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या. एसटी आली. ती दांडी धरून, गुडघ्यावर हात देत वर चढली. खिडकीजवळ बसली. गाडी भरत गेली, पण त्या दोन बायका वर चढूनही उभ्याच राहिल्या आणि तिच्या शेजारची जागा तशीच राहिली.

कंडक्टर मशीन घेऊन आला. "कुठं, आजी?"

"बीड. कोर्टाम्होरं उतरव."

"कोर्टात? संगं कोन हाय?" त्यानं मागं वळून बाकांवर नजर टाकली.

"कुनी न्हाई," छबुबाई म्हणाली, आणि पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. "एकच दे."